रोल एकदाच धुतला जातो, स्कॅन कितीदाही होतो

पत्र : “ताई, बाबा गेल्यानंतर आई पहिल्यांदाच आमच्याबरोबर मोठ्या सुट्टीवर आली. मी हट्टाने बाबांचा जुना एसएलआर कॅमेरा सोबत घेतला आणि मोबाइल बॅगेतच ठेवला. आता घरात सात रोल आहेत : चार रंगीत निगेटिव्हचे, एक ब्लॅक अँड व्हाइट, एक स्लाइडचा आणि सातवा मुलांनी वापरलेल्या डिस्पोजेबल कॅमेऱ्यातला. लॅबला फोन केला तर त्यांनीच मला प्रश्न विचारले. नुसते धुवायचे की स्कॅनही करायचे? स्कॅन साधा, मोठा की टिफ? निगेटिव्ह परत हव्यात का? पुश करायचंय का? मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. नवरा म्हणतो, स्कॅनरच घेऊन टाकू, बाबांच्या निगेटिव्हचा डबा कपाटात पडून आहेच. भाऊ म्हणतो, लॅब कशाला, व्हिडिओ बघून घरी धुऊ. त्यात ब्लॅक अँड व्हाइट रोलचा घोळ झालाय. फिल्म ४०० आयएसओची, पण अर्ध्यावर एका संध्याकाळी मी डायल १६०० वर नेला आणि पुढे तो तसाच राहिला. परतताना विमानतळावर सगळे रोल मशीनमधून गेले, ती धास्ती वेगळीच. आईला अल्बम हवाय, मावशीला फोटो मोबाइलवर हवेत. सुरुवात कुठून करू?”

उत्तर : लॅबने चार प्रश्न एका दमात विचारले, म्हणून तुम्हाला ते सारखेच महत्त्वाचे वाटले. तसे ते नाहीत. रोल धुणं एकदाच होतं. फिल्म रसायनात गेली आणि बाहेर आली की जे आलं ते आलं. तिथे बिघडलं तर जगातला कुठलाही स्कॅनर ते परत आणू शकत नाही. स्कॅनिंगचं तसं नाही. निगेटिव्ह नीट धुतलेली आणि जपलेली असेल, तर आज साधा स्कॅन करा, पुढच्या वर्षी मोठा करा, दहा वर्षांनी आणखी चांगल्या यंत्रावर पुन्हा करा. म्हणून तुमची चौकशी, काळजी आणि पैसा आधी धुण्यावर लावा. स्कॅनिंगचा निर्णय आत्ता लहान ठेवला तरी काही बिघडत नाही.

आज घरी बसून करायचं काम एकच आहे. सातही रोल समोर घ्या आणि प्रत्येकावर काय छापलंय ते वाचा. कुठेतरी बारीक अक्षरात प्रक्रियेचं नाव असतं. रंगीत निगेटिव्हवर सी-४१, स्लाइडवर ई-६. ब्लॅक अँड व्हाइटवर बहुतेक वेळा तसं काही नसतं, पण इल्फर्डच्या एक्सपी-२ सारखी फिल्म दिसायला ब्लॅक अँड व्हाइट आणि धुवायला सी-४१ असते. हे वाचणं का गरजेचं? साधी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म चुकून रंगीत फिल्मच्या मशीनमध्ये गेली, तर तिथली ब्लीच आणि फिक्सर ही रसायनं मिळून तिच्यातली सगळी चांदी, म्हणजे प्रतिमाच, काढून टाकतात आणि रोल कोरा बाहेर येतो. स्लाइडची फिल्म सी-४१ मध्ये गेली तर पारदर्शक स्लाइडऐवजी विचित्र रंगांची निगेटिव्ह मिळते. कामाच्या गर्दीत अशा चुका होतात. तेव्हा प्रत्येक रोलला चिकटपट्टी लावा आणि ठळक अक्षरात क्रमांक, प्रक्रिया आणि त्यात साधारण कुठले दिवस आहेत ते लिहा. हीच यादी कागदावरही उतरवून मोबाइलने तिचा फोटो काढून ठेवा. मग रोल हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरची गरज नाही. लॅबला देण्याआधी डबा तासभर बाहेर राहू द्या आणि मगच उघडा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. पण फ्रिज आहे म्हणून महिनोन् महिने थांबू नका. फिल्मवर उमटलेली, अजून न धुतलेली प्रतिमा हळूहळू क्षीण होत जाते. उष्णतेत ती लवकर जाते, थंडीत सावकाश, पण जातेच.

आता लॅब कशी निवडायची. रंगीत निगेटिव्हची प्रक्रिया सगळीकडे एकच आहे. सी-४१ कोडॅकने १९७२ मध्ये आणली आणि आज कुठल्याही कंपनीची नेहमीची रंगीत निगेटिव्ह तिच्यातूनच जाते. डेव्हलपरचं, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनाचं, तापमान ३७.८ अंश सेल्सिअस आणि वेळ ३ मिनिटं १५ सेकंद. फिल्ममध्ये तीन रंगांचे थर एकावर एक असतात. तापमान घसरलं किंवा रसायन जुनं झालं की हे थर सारख्या प्रमाणात बिघडत नाहीत. एक मागे पडतो, दुसरा पुढे जातो. मग सावलीत एक झाक आणि उजेडात दुसरीच, असे फोटो येतात आणि संगणकावर एक दुरुस्त करावी तर दुसरी वाढते. प्रक्रिया ठरलेली असल्यामुळे इथे कलाकारीपेक्षा शिस्त लागते. रोज भरपूर रोल धुणारी लॅब चांगली, कारण तिथलं रसायन सतत ताजं होत राहतं. आठवड्याला दोन रोल येणारी जागा कितीही आपुलकीची असली, तरी आईच्या सहलीचे रोल तिथे देऊ नका.

फोनवर एक प्रश्न जरूर विचारा : “कंट्रोल स्ट्रिप चालवता का?” ही कारखान्यातूनच ठरावीक प्रकाश देऊन आलेली फिल्मची पट्टी असते. लॅब ती आपल्या रसायनातून धुते आणि डेन्सिटोमीटर या गडदपणा मोजणाऱ्या यंत्रावर मोजते. आकडे मर्यादेत आले तरच ग्राहकांचे रोल आत जातात. जी लॅब हे नियमाने करते, तिला या प्रश्नाचा राग येत नाही, उलट ती मोकळेपणाने सांगते. समोरून उडवाउडवी झाली तर दुसरीकडे फोन लावा. रोल तिथेच धुतात की पुढे पाठवतात, हेही विचारा. पाठवत असतील तर त्यात वाईट काही नाही, पण मग चौकशी त्या पुढच्या लॅबची करायची. यंत्र कुठलं आहे हेही महत्त्वाचं. बऱ्याच ठिकाणी फिल्म रोलरवरून सरकत जाते. काही मोठ्या लॅबमध्ये ती सरळ लटकवून एका टाकीतून दुसऱ्या टाकीत बुडवतात. दुसऱ्या पद्धतीत ओरखड्यांचा धोका कमी. रोलरचं यंत्र स्वच्छ ठेवलेलं असेल तर तेही उत्तम काम देतं.

निगेटिव्ह परत हव्यात का, या प्रश्नाचं उत्तर “हो” हेच आहे आणि ते लेखी द्या. हल्ली पुष्कळ लोक फाइली घेतात आणि निगेटिव्ह न्यायला येतच नाहीत, म्हणून काही लॅब ठरावीक मुदतीनंतर त्या टाकून देतात. मूळ वस्तू निगेटिव्ह आहे, फाइल तिची नक्कल आहे. सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून पारदर्शक पाकिटात घालून द्या, असं सांगा.

आणि सगळे रोल एकदम देऊ नका. चार रंगीत रोलपैकी ज्यात सर्वांत कमी जीव अडकलाय, रस्ते, झाडं, दुकानांच्या पाट्या असं काही असेल, तो एक आधी द्या. निगेटिव्ह हातात आली की खिडकीशी धरून पाहा. फोटोंच्या बाहेर, भोकांच्या ओळीत, कंपनीचं नाव आणि क्रमांक छापलेले दिसतील. ती अक्षरं कारखान्यात प्रकाश देऊन उमटवलेली असतात आणि धुतल्यावर दिसू लागतात. म्हणजे ती तुमच्या कॅमेऱ्याशी संबंध नसलेली साक्ष आहे. अक्षरं ठसठशीत आणि फोटो फिके असतील, तर धुणं बरोबर झालंय, कॅमेऱ्यात प्रकाश कमी पडला. अक्षरंही पुसट असतील, तर लॅबमध्ये गडबड आहे आणि बाकीचे रोल तिथे देऊ नका. भोकांपासून सुरू होऊन फोटोत शिरणारे काळपट पट्टे दिसले, तर कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणातून प्रकाश झिरपतोय. जुन्या कॅमेऱ्यात झाकणाच्या कडेचा फोम कुजतो, त्याचं हे लक्षण. तो बदलून घेता येतो.

रोल कुरिअरने पाठवायचे असतील तरी सगळे एकदम न देण्याचा नियम लावा : दोन वेगवेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या पाकिटांत.

तुमच्या ब्लॅक अँड व्हाइट रोलवर जरा थांबते, कारण सातांत विचार करायला लावणारा तोच आहे. पुश म्हणजे डेव्हलपरमध्ये फिल्म नेहमीपेक्षा जास्त वेळ ठेवणं. आयएसओ हा फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. ४०० च्या फिल्मला १६०० समजून फोटो काढले की तिला एक चतुर्थांश प्रकाश मिळतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). जास्त वेळ धुतल्यावर उजळ आणि मधले भाग वर येतात. सावलीत जिथे प्रकाश पोचलाच नाही, तिथे मात्र काहीही येत नाही, कितीही वेळ ठेवा. अडचण अशी की रोल अख्खा एकत्र धुतला जातो. दोन स्टॉप पुश केलं तर संध्याकाळचे फोटो सावरतील, पण आधीचे, बरोबर प्रकाशात काढलेले फोटो निगेटिव्हवर जाड (फार गडद) आणि कडक काळे-पांढरे होतील. काहीच केलं नाही तर आधीचे छान आणि संध्याकाळचे विरळ (फिकट).

अशा वेळी लक्षात ठेवायचं ते हे की जाड निगेटिव्हमध्ये माहिती असते, ती स्कॅन करताना कष्टाने का होईना काढता येते. विरळ निगेटिव्हमधून काढायला फारसं काही नसतं, वर ओढलं की फक्त दाणे दिसतात. म्हणून दोन्ही भाग तुम्हाला सारखेच प्रिय असतील तर लॅबला एका स्टॉपचा पुश सांगा. दोन्हीकडे थोडं सोडावं लागेल, पण दोन्ही वाचतील. त्या संध्याकाळीच आईचे चेहरे असतील आणि आधीचा भाग डोंगर-आभाळाचा असेल, तर बिनधास्त दोन स्टॉप. तिसरा मार्गही आहे. हाताने धुणाऱ्या काही लॅब अंधारात रोल मध्ये कापून दोन तुकडे वेगवेगळे धुतात. कापाच्या जागी एखाद-दुसरा फोटो जातो. डायल साधारण कितव्या फोटोला फिरवला ते तुम्हाला आठवत असेल आणि लॅब तयार असेल, तर हा मार्ग सगळ्यांत चांगला. एक मात्र आत्ताच तपासा. फिल्म एक्सपी-२ प्रकारची निघाली, म्हणजे तिच्यावर सी-४१ लिहिलेलं असलं, तर ही सगळी चर्चा बदलते. मग ती रंगीत रोलबरोबरच जाईल आणि पुशबद्दल त्या लॅबशीच बोलावं लागेल.

स्लाइडचा रोल ई-६ नियमित चालवणाऱ्या लॅबलाच द्या. अशा लॅब कमी आहेत आणि पुष्कळ ठिकाणी पुरेसे रोल जमल्यावरच ती प्रक्रिया चालवतात. थोडं थांबावं लागलं तरी चालेल. स्लाइडमध्ये चुकीला जागा फार कमी असते. निगेटिव्हवर एक-दोन स्टॉप जास्त प्रकाश पडला तरी फोटो निघतो, स्लाइडवर आभाळ पांढरं होऊन जातं आणि ते परत येत नाही. पण बरोबर आलेली स्लाइड उजेडाशी धरली की रंग तिथेच दिसतात, त्यासाठी स्कॅनर लागत नाही. आईला एकदा तशी दाखवा. प्लास्टिकच्या चौकटीत बसवून मागू नका, पट्टीच ठेवा. स्कॅनिंगला सोपं जातं.

डिस्पोजेबल कॅमेरा आहे तसा लॅबला द्या. आतला रोल बहुधा साधी सी-४१ फिल्म असते. घरी मुलांना तो उघडू देऊ नका. फ्लॅशसाठी वीज साठवणारा कपॅसिटर बॅटरी काढल्यावरही भारलेला असू शकतो आणि जोराचा झटका देतो.

विमानतळाच्या मशीनचं काय झालं असेल? कॅबिन बॅगेच्या जुन्या पद्धतीच्या एक्स-रे मशीनमधून कमी आयएसओचे रोल एक-दोनदा गेले तर सहसा काही दिसत नाही. नव्या सीटी पद्धतीच्या मशीनमध्ये किरणांचा मारा जास्त असतो, आणि कोडॅक व इल्फर्ड दोघंही फिल्म त्यातून नेऊ नका, हाताने तपासायला सांगा, असं सांगतात. नुकसान झालं असेल तर फिल्मवर सर्वत्र हलकं धुकं चढतं. निगेटिव्हचे फोटो केल्यावर सावल्या काळ्या न राहता दुधाळ दिसतात आणि दाणे वाढतात. आयएसओ जितका जास्त, तितका परिणाम जास्त. धुताना यावर इलाज नाही. “जरा जास्त धुवा” असं तर मुळीच सांगू नका, त्याने धुकंही वाढतं. स्कॅनमध्ये काळ्याची पातळी खाली ओढली की पुष्कळसं झाकलं जातं. हे नुकसान झालं असलं तरी फोटो गेले असं होत नाही, तेव्हा ती धास्ती सोडा. पुढच्या वेळी रोल पारदर्शक पिशवीत हाताशी ठेवा, तपासणीच्या रांगेत ते वेगळे काढून हाताने तपासायची विनंती करा. सामानात टाकायच्या बॅगेत ते कधीच नकोत, तिथली मशीन अधिक तीव्र असतात.

आता स्कॅन. लॅबच्या तक्त्यात “साधा”, “मध्यम”, “हाय-रेझ” असे शब्द असतील. त्यांना अर्थ नाही, कारण एका लॅबचा मोठा दुसरीचा मध्यम असतो. विचारा, पिक्सेल किती? मग हिशेब सोपा आहे. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. अल्बममधल्या ४×६ इंची प्रिंटला १२००×१८०० पिक्सेल पुरतात. ८×१२ इंची प्रिंटला २४००×३६०० लागतात. भिंतीवर लावायच्या १२×१८ इंची प्रिंटला ३६००×५४००. आईच्या अल्बममध्ये बहुतेक फोटो पहिल्या मापाचे असणार, थोडे दुसऱ्या, आणि तिसऱ्या मापाचा एखादाच.

म्हणून मी सांगेन, धुतानाच सगळ्या रोलचा २०००×३००० पिक्सेलच्या आसपासचा जेपेग स्कॅन करून घ्या. धुतानाच का, तर लॅबमधली नोरित्सू किंवा फ्रंटियर ही यंत्रं न कापलेला अख्खा रोल सलग ओढून घेतात, काही मिनिटांत काम होतं. पट्ट्या कापल्यावर तेच काम वेळखाऊ होतं आणि लॅब त्याचे वेगळे पैसे लावते. सगळ्या फोटोंचे टिफ (माहिती न गाळता साठवणारी मोठी फाइल) मागू नका. ३५ मिमी फिल्मचा एक फोटो ४००० डीपीआयला (इंचाला ४००० ठिपके) स्कॅन केला तर साधारण २१ मेगापिक्सेल होतात. १६ बिटच्या टिफमध्ये ती एक फाइल १२५ एमबीच्या वर जाते आणि ३६ फोटोंचा रोल साडेचार जीबीच्या वर. तुमचे सगळे मिळून सुमारे २४० फोटो आहेत. त्यातले डोळे मिटलेले, हललेले, दोनदा काढलेले एवढ्या मोठ्या आकारात साठवून काय करायचं? मध्यम स्कॅनमधून आईला शेजारी बसवून निवडा. वीस-पंचवीस असे निघतील जे सगळ्यांना हवेत. त्याच निगेटिव्हचे मोठे टिफ स्कॅन पुन्हा करून घ्या.

लॅबला एवढं मात्र आधी सांगा : कॉन्ट्रास्ट कमी ठेवा, शार्पनिंग बंद किंवा अगदी थोडं. यंत्र आपल्या मर्जीने सावल्या काळ्या करतं, आभाळ पांढरं करतं, आणि एकदा जेपेगमध्ये ते उडालं की फाइलमधून परत येत नाही. पण निगेटिव्हमध्ये ते असू शकतं! स्कॅनमध्ये आभाळ कोरं दिसलं तर निगेटिव्ह उजेडाशी धरा. तिथे त्या जागी गडद भाग असेल आणि त्यात ढगांचे आकार दिसत असतील, तर दोष स्कॅनचा आहे आणि तो पुन्हा करून मागायचा तुम्हाला हक्क आहे. रंगांचंही तसंच. निगेटिव्हवर नारिंगी थर असतो, तो वजा करून रंग ठरवावे लागतात. ते यंत्र आणि ते चालवणारा माणूस ठरवतो. आईची साडी निळी होती आणि फोटोत जांभळी दिसतेय, तर सांगा. त्यांना साडी माहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

धुळीचे ठिपके पाहायलाही शिका. निगेटिव्हच्या स्कॅनमध्ये पांढरा केस किंवा ठिपका दिसला तर तो स्कॅनच्या वेळची धूळ आहे, पुसून पुन्हा स्कॅन केल्यावर जातो. काळा दिसला तर फोटो काढताना कॅमेऱ्याच्या आतच काहीतरी होतं, तो निगेटिव्हवरच आहे. स्लाइडच्या बाबतीत स्कॅनच्या वेळची धूळही काळीच दिसते. रंगीत फिल्मसाठी स्कॅनरमध्ये इन्फ्रारेडने धूळ ओळखून पुसण्याची सोय असते, डिजिटल आइस हे तिचं प्रसिद्ध नाव. ती चालू ठेवायला सांगा. साध्या ब्लॅक अँड व्हाइटवर मात्र ती बंदच हवी. तिथे प्रतिमा चांदीची असते, चांदी इन्फ्रारेड अडवते आणि यंत्र चेहऱ्यालाच धूळ समजून पुसत बसतं.

स्कॅनर घ्यावा का? या सात रोलपुरता असेल तर नको. पण बाबांच्या निगेटिव्हचा डबा आहे, आणि त्याने उत्तर बदलतं. शेकडो फोटो लॅबकडून करून घेणं महागात जाईल, शिवाय ते निवडायला घरचंच माणूस हवं. कोण कुठे कोणाच्या लग्नात उभं आहे, हे लॅबला कळणार नाही.

फ्लॅटबेड (काचेवर सपाट ठेवून स्कॅन करणारा) स्कॅनर घेणार असाल तर खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. एप्सनच्या व्ही-६०० वर ६४०० डीपीआय लिहिलेलं असतं, प्रत्यक्षात त्यातून मिळणारा तपशील त्याच्या जवळपासही जात नाही. ४×६ च्या प्रिंटला तो पुरतो, ३५ मिमीच्या मोठ्या प्रिंटला कमी पडतो. प्लस्टेकचे फक्त फिल्मसाठी बनवलेले स्कॅनर ३५ मिमीला बरेच बरे, पण एकेक फोटो हाताने सरकवावा लागतो. घरात बदलत्या लेन्सचा डिजिटल कॅमेरा असेल तर माझी पसंती तिसऱ्या मार्गाला : निगेटिव्हचाच फोटो काढणं. त्यासाठी १:१ मॅक्रो लेन्स (वस्तू खऱ्या आकारात टिपणारी), पट्टी सपाट धरणारा होल्डर, ९५ च्या वर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) असलेला एलईडी दिवा आणि कॅमेरा खाली तोंड करून घट्ट धरणारा स्टँड लागतो. कॅमेरा निगेटिव्हला समांतर आहे का ते पाहायला होल्डरच्या जागी छोटा आरसा ठेवा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की झालं. लेन्सचं छिद्र एफ-८, सर्वांत कमी आयएसओ, रॉ फाइल (कॅमेऱ्याने बदल न केलेली), खोलीतले बाकी दिवे बंद. निगेटिव्ह उलटवून रंग काढायला डार्कटेबल या मोफत सॉफ्टवेअरमध्ये निगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आहे. लाइटरूम वापरत असाल तर निगेटिव्ह लॅब प्रो हे विकतचं जोडसॉफ्टवेअर आहे. बसवायला एक दुपार जाते. हात बसला की एक रोल अगदी थोड्या वेळात होतो.

बाबांचा डबा उघडाल तेव्हा रोलवर “कोडाक्रोम” (कोडॅकची जुनी स्लाइड फिल्म) लिहिलेली न धुतलेली फिल्म निघाली, तर तिला रंगीत धुणारी शेवटची लॅब २०१० च्या अखेरीस ते काम घेणं थांबवून बसली, हे माहीत असू द्या. धुतलेल्या कोडाक्रोम स्लाइड मात्र अंधारात ठेवलेल्या असतील तर रंग फार चांगले धरून असतात. त्यांच्यावर धूळ पुसण्याची ती इन्फ्रारेड सोय नीट चालत नाही, ती बंद करून पाहा.

तुमच्या भावाची कल्पना मला आवडली, फक्त या रोलवर नको. घरी धुणं शिकायचं तर ब्लॅक अँड व्हाइटपासून. डेव्हलपर २० अंशाला चालतो, अर्ध्या अंशाने, दहा-वीस सेकंदांनी फरक पडला तरी निगेटिव्ह हाती येते. टाकी, चेंजिंग बॅग (हात घालून आत अंधारात काम करायची पिशवी), थर्मामीटर, डेव्हलपर आणि फिक्सर एवढ्यावर भागतं. सगळ्यांत अवघड काम म्हणजे अंधारात फिल्म रिळावर चढवणं. आधी एखादा वाया गेलेला रोल घेऊन उजेडात, मग डोळे मिटून, मग बॅगेत, असा सराव त्याने करावा. एखादा रोल खास शिकण्यासाठी काढा, घराभोवतीचे फोटो घ्या आणि तो धुवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी उतरलेली असते, तो मोरीत ओतू नका. डब्यात साठवून एखाद्या लॅबला घ्यायला सांगा. रंगीत रोल घरी धुणाऱ्यांना ३७.८ अंशावर पाण्याचं तापमान टिकवायची तयारी लागते, ते त्याने पुढे खुशाल शिकावं.

निगेटिव्ह परत आल्यावर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएथिलीनच्या पाकिटांत ठेवा. पीव्हीसीची पाकिटं नकोत, त्यातून निघणारी रसायनं फिल्मला खातात. रबरबँड नाही, गुंडाळी नाही. कोरड्या, थंड कपाटात ठेवा, भिंतीला लागून किंवा माळ्यावर नको. बुरशी ही निगेटिव्हची खरी शत्रू आहे आणि ती दमट हवेत धरते, म्हणून डब्यात सिलिका जेलची पुडी टाका आणि ती अधूनमधून बदला. पाकिटावर तारीख, जागा आणि माणसं लिहा, निगेटिव्ह आत सरकवायच्या आधी. आईला आत्ताच विचारून घ्या, जुन्या डब्यातलीही नावं. हे काम पुढे ढकलू नका.

फाइलींसाठी लॅब बहुधा लिंक पाठवते आणि ती काही दिवसांनी बंद होते. आली की त्याच दिवशी उतरवून घ्या. तीन प्रती ठेवा : एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी घराबाहेर, क्लाउडवर किंवा भावाकडे. मूळ फाइलला हात लावू नका, रंग-उजेड बदलायचा तो तिच्या नकलेवर.

अल्बमच्या प्रिंट काढताना सगळ्या एकदम टाकू नका. आधी दोन-तीन काढून दिवसाच्या उजेडात आईला दाखवा, चेहऱ्यांचा रंग तिला पटला की बाकीच्या द्या. मावशीला व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवताना “डॉक्युमेंट” म्हणून पाठवा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो ते ॲप दाबून लहान करतं, आणि मावशीने तोच नेऊन प्रिंट काढला तर चेहरे फुटतील.